बनावट सुवर्णनाणी

बनावट सुवर्णनाणी : संग्राहक, अभ्यासक वा संग्रहालय यांना फसविण्याच्या हेतूने तयार केलेली जुन्या सुवर्णनाण्यांची प्रतिरूपे. नाणे चलनात असताना राज्याला वा व्यापाऱ्याला फसविण्यासाठी केलेली बनावट आणि नाणे चलनातून गेल्यानंतर त्याच्या दुर्मिळतेवर नफा मिळविण्यासाठी केलेली बनावट, असे या विषयाचे दोन भाग पडतात. पहिल्या प्रकारची नाणी त्या त्या काळच्या आर्थिक इतिहासाची साधने ठरतात. दुसऱ्या प्रकारची नाणी मात्र इतिहासाचे साधन दूषित करतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे दुसऱ्या प्रकाराचा आणि तोही ऑनलाइन लिलावाच्या संदर्भात विचार केला आहे. कारण अशा लिलावात नाणे हाती न घेता केवळ छायाचित्रावरून बोली लावावी लागते आणि वजन, घनता, नाद व कड या परंपरागत कसोट्या सौदा पूर्ण होईपर्यंत उपलब्ध नसतात.

नाणेपरीक्षा भारतात प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या ‘रूपदर्शक’ या अधिकाऱ्याचा, तसेच खोटी नाणी पाडणाऱ्या ‘कूटरूपकारका’चा उल्लेख येतो. पेशवाईपर्यंत ही पारख मुख्यतः सराफांच्या हाती होती. आधुनिक काळात तिला शास्त्राचे रूप आले. ‘न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९१० मध्ये अलाहाबाद येथे स्थापन झाली. महाराष्ट्रात या अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र नासिक–त्र्यंबकेश्वर मार्गावरील अंजनेरी येथे उभे राहिले. परमेश्वरीलाल गुप्त (१९१४–२००१) व के. के. माहेश्वरी यांच्या प्रयत्नांतून १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज’ या संस्थेने नाणेसंग्रहालय, ग्रंथालय व नाण्यांच्या छायाचित्रांचा संग्रह यांना एकत्र स्थान दिले. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरील ग्रंथ याच संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला.

हा परिसर नाणकशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अंजनेरी येथे मिळालेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटात (कलचुरी संवत् ४६१, इ. स. ७१०-११) ‘कृष्णराजरूपक’ या नाण्याचा उल्लेख आहे. हे नाणे सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याचे. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळ ते या भागात परिचित होते. नासिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपान याच्या सु. १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सु. ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. नहपानाचे राज्य सातवाहनांच्या हाती गेल्याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. ही नाणी चांदीची असली, तरी नाण्याच्या साक्षीवर इतिहासाची केवढी मांडणी उभी राहते, हे त्यांवरून कळते. अशा साक्षीत बनावट नाणे मिसळले, तर संग्राहकाचे द्रव्य जातेच; त्याशिवाय राजावली, टांकसाळ व कालगणना यांविषयी चुकीचे निष्कर्ष निघू शकतात.

सुवर्णनाण्यांचीच बनावट अधिक का : तांब्याच्या व चांदीच्या नाण्यांवर काळाच्या ओघात हिरवट, तपकिरी वा काळपट थर चढतो. तो कृत्रिम रीतीने हुबेहूब आणणे कठीण असते. सोने गंजत नाही. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचे आणि काल पाडलेले नाणे यांचा पृष्ठभाग रासायनिक दृष्ट्या फारसा वेगळा दिसत नाही. शिवाय दुर्मिळ नाण्याची किंमत त्यातील सोन्याच्या अनेक पट असते. त्यामुळे बनावट करणारा योग्य कसाचे खरे सोने वापरूनही भरपूर नफा मिळवितो. ‘सोने खरे, म्हणून नाणे खरे’ हा सर्वसामान्य समज म्हणूनच घातक ठरतो. सराफाने सोने शुद्ध असल्याचा निर्वाळा दिल्याने नाण्याचे प्राचीनत्व सिद्ध होत नाही.

बनावटीचे प्रकार : (१) ओतीव नाणी : खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात वितळलेला धातू ओततात. धातू थिजताना आकसतो. त्यामुळे प्रतिरूप मूळ नाण्यापेक्षा किंचित लहान भरते. अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे वा उंचवटे आणि कडेवर साच्याच्या सांध्याची रेषा अथवा ती घासून काढल्याच्या खुणा, ही याची लक्षणे होत. (२) नव्या ठशांची नाणी : ठसा हाताने कोरून, खऱ्या नाण्यावरून यांत्रिक रीतीने उतरवून किंवा संगणकीय यंत्राने कापून तयार करतात आणि सुवर्णचकतीवर प्रत्यक्ष ठोकतात. ही बनावट सर्वांत फसवी होय. (३) विद्युत् विलेपनाने केलेली नाणी : दोन्ही बाजूंची पातळ कवचे तयार करून ती आत धातू भरून जोडतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश संग्रहालयासाठी रॉबर्ट रेडी याने अभ्यासाकरिता अशी प्रतिरूपे केली व त्यांच्या कडेवर आपल्या नावाची आद्याक्षरे उमटविली. ती घासून टाकून ही प्रतिरूपे खरी म्हणून विकली गेल्याची उदाहरणे आहेत. (४) फेरफार केलेली नाणी : नाणे खरे असते, परंतु त्यावरील वर्ष, टांकसाळीचे नाव वा एखादे चिन्ह कोरून बदललेले असते. (५) कल्पित नाणी : मुळात कधीच न पाडली गेलेली नाणी. रामदरबार वा हनुमान यांच्या प्रतिमा असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ म्हणून विकली जाणारी नाणी या वर्गातील होत. कंपनीने अशी नाणी कधीही काढलेली नाहीत. ‘रामटंका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुद्रा या पूजेसाठीच्या धार्मिक मुद्रा असून त्या चलनातील नाणी नव्हेत.

यांपासून अनुकृती वेगळ्या मानाव्या लागतात. व्हेनिसचे डुकॅट हे सु. ३.५ ग्रॅ. वजनाचे सुवर्णनाणे १२८४ पासून १७९७ पर्यंत पाडले जात होते. त्यावरील उभ्या आकृतींमुळे महाराष्ट्रात त्याला ‘पुतळी’ हे नाव पडले. पुतळ्यांची माळ करण्यासाठी सोनारांनी त्याची असंख्य प्रतिरूपे केली. त्यांवरील लॅटिन अक्षरे अर्थहीन रेघोट्यांसारखी झालेली दिसतात. ही प्रतिरूपे दागिना म्हणून निर्दोष होत. पण लिलावात ती ‘व्हेनिसचे मूळ नाणे’ या वर्णनाने आली, की तीच फसवणुकीचे साधन बनतात.

यूरोपात या कलेचा इतिहास मोठा आहे. पाद्वा येथील जोव्हान्नी दा काव्हीनो (१५००–७०) याची रोमन नाण्यांच्या धर्तीवरील पदके पुढे खरी नाणी म्हणून फिरली. जर्मनीतील कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याने तीनशेहून अधिक प्रकारच्या प्राचीन व मध्ययुगीन नाण्यांचे ठसे कोरले. नव्या नाण्यांची झळाळी घालविण्यासाठी तो ती लोखंडाच्या किसासह पेटीत ठेवून पेटी गाडीला बांधून फिरवीत असे. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेले आणि त्यामुळे त्याची नाणी आज निश्चितपणे ओळखता येतात.

छायाचित्रावरून परीक्षा : १९९५ मध्ये अमेरिकेत ईबे या संकेतस्थळाचा आरंभ झाला. २००४ मध्ये त्याने भारतातील बाझी डॉट कॉम हे संकेतस्थळ विकत घेतले. तेव्हापासून नाण्यांच्या लिलावाचे क्षेत्र घराघरांत पोहोचले. छायाचित्राच्या मर्यादा मान्य करूनही त्यावरून पुढील गोष्टी पाहता येतात.

सर्वांत निर्णायक कसोटी तुलनेची होय. यंत्रयुगापूर्वीचे नाणे हातोड्याने ठोकलेले असते. एकाच ठशातून निघालेल्या दोन नाण्यांवरील आकृती सारख्या असू शकतात. परंतु चकतीचा बाह्य आकार, ठसा किती सरकला हे, कडेवरील चिरा आणि वापरातून पडलेले ओरखडे ही प्रत्येक नाण्याची स्वतंत्र असतात. म्हणून दोन नाण्यांवर तोच ओरखडा, तीच चीर आणि तोच खळगा त्याच जागी आढळल्यास त्यांपैकी निदान एक, आणि बहुधा दोन्ही, एकाच मूळ नाण्यावरून उतरविलेली आहेत, असे समजावे. मोगल व मराठा नाण्यांच्या बाबतीत ही कसोटी विशेष उपयोगी आहे. त्यांचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे प्रत्येक नाण्यावर लेखाचा वेगळा भाग उमटे. अनेक नाण्यांवर लेख नेमका त्याच अक्षरापाशी तुटलेला दिसणे संशयास्पद होय. अशा तुलनेसाठी प्रसिद्ध सूची, जुन्या लिलावांच्या याद्या व छायाचित्रसंग्रह यांची आवश्यकता असते. बनावट नाणे एकटे असताना ओळखणे कठीण. त्याची भावंडे शेजारी ठेवली, की ते उघडे पडते. अंजनेरीसारख्या संस्थांनी जमविलेल्या छायाचित्रांचे महत्त्व यातच आहे.

दुसरी कसोटी लेख व कालगणना यांची. मोगल मोहरांवर हिजरी वर्ष व राज्यवर्ष दोन्ही असतात आणि ती परस्परांशी जुळावी लागतात. जहांगीरचे पहिले राज्यवर्ष हिजरी १०१४ मध्ये सुरू झाले. त्याच्या राशिचिन्हांच्या प्रसिद्ध मोहरा तेराव्या राज्यवर्षापासूनच्या, म्हणजे हिजरी १०२७ (इ. स. १६१८) च्या सुमारापासूनच्या आहेत. त्याहून आधीचे वर्ष असलेली राशीची मोहर म्हणूनच त्याज्य ठरते. या मोहरांच्या नकला फार पूर्वीपासून होत आल्या आहेत. मात्र ही कसोटी सर्वत्र सारखी लावता येत नाही : मराठ्यांच्या काही टांकसाळींत बादशाहाचे जुने राज्यवर्ष पुढेही तसेच कोरले जाई. तेथे वर्षांच्या विसंगतीवरून नाणे खोटे ठरविणे चुकीचे होईल. त्या टांकसाळीची रीत आधी ठाऊक असावी लागते.

तिसरी कसोटी झिजेची. खरी झीज उंच भागावर अधिक व खोलगट भागात कमी असते. उंच व सखल दोन्ही भाग सारखेच मऊ दिसत असल्यास नाणे ओतीव असण्याचा संभव असतो. सर्व बाजूंना सारख्याच दिशाहीन ओरखड्यांचे जाळे असल्यास ते कृत्रिम रीतीने जुने केलेले असते. अक्षरांच्या खाचांतील तांबडी माती हीदेखील पुरातनत्वाची खूण मानू नये. ती डिंकाने बसविता येते. कडेचे छायाचित्र न देणाऱ्या विक्रेत्याकडे ते आवर्जून मागावे. ओतीव नाण्याचा सांधा, कवचांचा जोड आणि माळेतील कडीचा काढून टाकलेला डाख हे तिन्ही कडेवरच दिसतात.

वजनाची नोंद विक्रेत्याने ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत दिली पाहिजे. ठरावीक वजने अशी : देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक सु. ३.८ ग्रॅ.; मोगल मोहर सु. १०.९ ग्रॅ.; ईस्ट इंडिया कंपनीची १८३५ ची मोहर ११.६६ ग्रॅ.; ब्रिटिश सॉव्हरिन ७.९९ ग्रॅ. समुद्रगुप्ताचा दीनार सु. ७.६ ग्रॅ. भरतो, तर स्कंदगुप्ताच्या काळी भारी वजनमान आले व सोन्याचा कस उतरला. झिजेने वजन थोडे घटते. ते ठरलेल्या मानापेक्षा वाढणे मात्र अस्वाभाविक होय.

शिवराई होन : महाराष्ट्रात सर्वाधिक नकला होणाऱ्या सुवर्णनाण्यांत छत्रपती शिवाजी महाराजांच्या होनाचा समावेश होतो. १६७४ मधील राज्याभिषेकाशी निगडित असलेल्या या नाण्याच्या दर्शनी बाजूवर ‘श्री राजा शिव’ व मागील बाजूवर ‘छत्रपति’ अशी अक्षरे ठिपक्यांच्या वर्तुळात असतात. त्याचा व्यास सु. १.३ सेंमी. व वजन २.७ ते २.९ ग्रॅ. च्या दरम्यान असते. खरे होन अत्यंत दुर्मिळ असून त्यांविषयीची लोकभावना मोठी आहे. या दोन्ही गोष्टी बनावट करणाऱ्याच्या पथ्यावर पडतात. स्मरणिका म्हणून उघडपणे विकल्या जाणाऱ्या मुलाम्याच्या प्रतिकृतीही पुढे हातोहाती ‘घराण्यातील होन’ होऊन लिलावात येतात. महाराजांच्या तांब्याच्या शिवराया पुष्कळ आढळतात. त्यांच्यावरून होनही तितकाच सहज मिळू शकेल असा समज करून घेणे योग्य नाही. होन विकत घेताना तो पूर्वी कोणत्या संग्रहात होता व कोठे प्रसिद्ध झाला, याचा लेखी पुरावा असल्याशिवाय व्यवहार करू नये.

नाणे हाती आल्यानंतरची परीक्षा : लिलावाच्या अटींत नाणे परत करण्याची मुदत असल्यास त्या अवधीत पुढील परीक्षा कराव्यात. नाणे प्रथम हवेत व नंतर बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून तोलतात. हवेतील वजनाला वजनातील घटीने भागले असता घनता मिळते. शुद्ध सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५ व तांब्याची ८.९६ आहे. उच्च कसाची १०.९० ग्रॅ. ची मोहर पाण्यात सु. ०.५७ ग्रॅ. ने हलकी होते. तेवढ्याच वजनाचे, तांबे मिसळलेले २२ कॅरटचे नाणे सु. ०.६२ ग्रॅ. ने, तर मुलामा दिलेले चांदीचे नाणे सु. १.०४ ग्रॅ. ने हलके होईल. पहिल्या दोहोंतील अंतर केवळ ०.०५ ग्रॅ. असल्याने तराजू ग्रॅमच्या शतांशापर्यंत अचूक असावा लागतो. टंगस्टनची घनता (१९.२५) सोन्याच्या इतकी जवळ आहे, की ते गाभ्यात भरल्यास ही परीक्षा फसते; परंतु टंगस्टन कठीण व ठिसूळ असल्याने त्यावर छाप ठोकता येत नाही व आवरणाचा सांधा राहतो. प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त होते त्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, सोन्याचा मुलामा दिलेली प्लॅटिनमची बनावट स्पॅनिश नाणीही निघाली होती.

क्ष-किरण प्रस्फुरण या पद्धतीने नाण्यास इजा न होता त्यातील धातूंचे प्रमाण कळते. तथापि ही परीक्षा पृष्ठभागापुरती असल्याने जाड मुलामा तिला चकवू शकतो. म्हणून ती घनतेच्या परीक्षेबरोबर करावी. प्राचीन सोन्यात चांदी, तांबे व क्वचित प्लॅटिनम गटातील धातूंचे सूक्ष्म अंश असतात. आधुनिक शुद्धीकरणातून निघालेले जवळजवळ निर्भेळ सोने प्राचीन नाण्यात आढळल्यास ते संशयाचे कारण होते. कसोटीच्या दगडावर नाणे घासणे वा त्यावर आम्ल टाकणे मात्र वर्ज्य होय. त्याने खऱ्या नाण्याचे मूल्य नष्ट होते.

विक्रेता व विक्रीची कथा : परीक्षा नाण्याइतकीच विक्रीच्या परिस्थितीचीही करावी लागते. सोन्याच्या बाजारभावापेक्षा कमी किमतीत देऊ केलेले नाणे, एकाच विक्रेत्याकडे वारंवार येणारी दुर्मिळ नाणी, अंधूक छायाचित्रे, ‘जसे आहे तसे’ ही अट आणि विक्रेत्याच्याच हस्तकांनी चढविलेली बोली ही धोक्याची लक्षणे होत. काही वेळा जुन्या लिलावातील खऱ्या नाण्याचे छायाचित्र दाखवून दुसरेच नाणे पाठविले जाते. चित्रावरून चित्र शोधण्याच्या सोयीने असे उसने छायाचित्र उघडकीस येते. अमेरिकेतील पीसीजीएस (१९८६) व एनजीसी (१९८७) यांसारख्या संस्था नाणे तपासून ते मोहोरबंद पारदर्शक पेटीत देतात. परंतु या पेट्यांच्याही नकला होतात. म्हणून पेटीवरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून तेथील छायाचित्र हातातील नाण्याशी ताडून पाहावे. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने प्रतिरूपावर ‘कॉपी’ हा शब्द उमटविणे बंधनकारक झाले. तो शब्द घासून काढल्याचा सपाट डाग नाण्यावर दिसू शकतो.

‘घराच्या पायात हंडा सापडला’ ही कथा ग्रामीण भागात वारंवार ऐकू येते. अशा व्यवहारात प्रथम एक-दोन खरी सोन्याची नाणी परीक्षेसाठी देतात व विश्वास बसल्यावर पितळेचा साठा गळ्यात बांधतात. ही कथा खरी असल्यास विक्री बेकायदेशीर ठरते व खोटी असल्यास नाणी बनावट ठरतात. दोन्ही परीने ग्राहकाने दूर राहणेच इष्ट होय.

कायदा : भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे आवश्यक आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा १९७६ मध्ये अंमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. पुरावस्तूंच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. परदेशी संकेतस्थळावरील ग्राहकाला भारतातून प्राचीन नाणे थेट पाठविण्याची तयारी दाखविणारा विक्रेता म्हणूनच एकतर कायदा मोडतो किंवा नाणे जुने नसल्याचे अप्रत्यक्षपणे कबूल करतो. बनावट नाणे खरे म्हणून विकणे ही फसवणूक असून तिच्यासाठी भारतीय न्याय संहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४ पासून) मधील कलम ३१८ लागू पडते. तक्रारीसाठी मूळ जाहिरात, छायाचित्रे, पत्रव्यवहार व रक्कम दिल्याचा पुरावा जपून ठेवावा.

बनावट सिद्ध झालेले नाणे पुन्हा बाजारात सोडणे किंवा वितळवून टाकणे हे दोन्ही अनुचित होय. त्याचे वजन, घनता व दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे नोंदवून ती नाणकशास्त्रीय संस्थेस कळविल्यास त्याच ठशातून निघालेली पुढील नाणी ओळखणे सुकर होते. बेकरच्या ठशांबाबत हेच घडले. खऱ्या नाण्यांच्या सूचीइतकीच बनावट नाण्यांची सूची अभ्यासकाला आवश्यक असते.